पाचव्या अध्यायातून सातव्याकडे

दशलक्षण पर्वात आमच्या मंदिरात तत्त्वार्थसूत्र वाचतात. अध्याय दहा, पर्वाचे दिवसही दहा. रोज एक अध्याय. पाचव्या दिवशीच्या अध्यायात अजीव द्रव्यांचा विचार आहे आणि सत् कशाला म्हणावं याची व्याख्याही तिथेच येते. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य. उपजणं, नाहीसं होणं आणि टिकून राहणं, तिन्ही एकाच वेळी जिच्यात आहेत ती वस्तू खरी. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवताना ही व्याख्या मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली. २०१९ च्या भाद्रपदात ती ऐकताना मात्र माझं मन शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीकडे होतं. ऑगस्टच्या महापुरात शिरोळ तालुक्यातली कितीतरी घरं कृष्णेच्या पाण्यात गेली, त्यात आमचंही. पाणी ओसरल्यावर भिंती धुतल्या, कुजलेलं धान्य टाकून दिलं. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एफसी तेवढी गाळ अंगावर घेऊन तशीच उभी राहिली. तिचं काय करायचं, हा प्रश्न घरात पैशाचा म्हणून सुरू झाला. माझ्यापुरता तो धर्माचा होता, आणि अजून आहे.

एफसी म्हणजे महिंद्राची एफसी-१५०. आजच्या तरुणांनी ती बहुधा पाहिलेली नाही, म्हणून थोडं सांगते. अमेरिकेतल्या टोलेडोच्या विलीस कंपनीनं १९५६ च्या अखेरीस जीपच्या सांगाड्यावर एक छोटा ट्रक काढला. ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरनं त्याची केबिन पुढे ओढून थेट इंजिनाच्या वर आणून बसवली. गाडीला नाक उरलं नाही. लांबी जीपच्या आसपासच राहिली आणि मागे माल टाकायला ऐसपैस हौदा मिळाला. आपल्याकडे महिंद्रानं ती १९६५ मध्ये आणली. चारही चाकांना ताकद देता येई, त्यामुळे पावसाळ्यात काळ्या रानातून माल घेऊन बाहेर पडणारी गाडी म्हणून तिचं नाव होतं. इंजिन हरिकेन, २.२ लिटरचं, पेट्रोलवर चालणारं. ते दोन सीटच्या मधोमध पत्र्याच्या झाकणाखाली असे आणि उन्हाळ्यात चालवणाऱ्याची डावी मांडी भाजून काढी.

आमची गाडी १९६८ ची. अण्णांनी ती सेकंडहँड घेतली. उसाचं बेणं, गुळाच्या ढेपा, जयसिंगपूरच्या बाजाराला जाणारा तंबाखू, सगळं तिनं वाहिलं. आणि मुनिसंघाचा विहार आमच्या भागातून असला की चौक्याचं सामान. दिगंबर मुनी वाहनात बसत नाहीत. अनवाणी चालत एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. तो आहार शुद्ध रीतीनं करण्यासाठी श्रावक पुढच्या मुक्कामाला आधी पोचून चौका मांडतात. पितळी भांडी, पाणी गाळायची फडकी, दोर, बादली, जातं, सोवळ्याच्या कपड्यांची गाठोडी, हे सगळं पुढे न्यायला गाडी लागते. आचार्य शांतिसागर महाराज आमच्याच मुलखातले, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे. विसाव्या शतकात मुनिपरंपरेला जे नवं बळ मिळालं त्याचा उगम याच मुलखात आहे. त्यामुळे विहार आणि चौका आमच्या घरांना नवे नाहीत. चालणाऱ्या पायांच्या पुढेमागे राहण्याचं काम अण्णांच्या गाडीनं मनापासून केलं.

पुरानंतर तिची अवस्था वाईट होती. चासीच्या पोकळीत गाळ घट्ट बसला होता. डिफरन्शिअलमधून तेलाऐवजी चहाच्या रंगाचं पाणी आलं. ब्रेक ड्रम चाकांना धरून बसले होते. वायरिंग हातात घेताच तुटत होतं. केबिनचा खालचा पत्रा बोटानं दाबला तरी आत जाई.

धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं: भंगारात द्या. कोल्हापूरच्या फाउंड्र्या भंगार वितळवूनच चालतात. लोखंड भट्टीत जाईल, त्याचे पंपाचे नाहीतर वाहनाचे भाग होतील, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. पुण्याचा भाचा जुन्या गाड्यांचा अभ्यासू आहे. त्याला गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची होती. हरिकेन इंजिन तो कुठूनही शोधून आणणार होता, रंगाची मूळ छटा, मूळ स्विच, मूळ आरसे, सगळं. तिसरं मत उद्यमनगरातल्या मिस्त्रींचं. त्यांनी टॉर्च घेऊन गाडीखाली बराच वेळ पाहिलं, हातोडीनं चासी ठोकून पाहिली आणि म्हणाले, "अक्का, चासी खणखणीत हाय. बाकी सगळं आजच्या रस्त्याला लागंल असं करूया. रोज चालवायची आसंल तर करतो. बघायला ठेवायची आसंल तर दुसरा मिस्त्री बघा."

भाच्यानं मला विचारलं, "मावशी, इंजिन नवं, गिअरबॉक्स नवा, ब्रेक नवे, अर्धी केबिन नव्या पत्र्याची. मग ती आजोबांची गाडी राहील का?"

या प्रश्नाला आपल्याकडे फार जुनी उत्तरं आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. साकल नगरीचा ग्रीक राजा मिनँडर, ज्याला पाली ग्रंथ मिलिंद म्हणतात, त्याला भिक्षू नागसेनानं रथाबद्दलच प्रश्न विचारले होते. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, लगाम, दांडी? कशालाच हो म्हणता येईना, आणि या सगळ्यांहून वेगळा असा रथही दाखवता येईना. नागसेनाचं उत्तर असं की रथ हे व्यवहारासाठी दिलेलं नाव आहे, भाग एकत्र असतात तोवर चालणारं. नैयायिकांना हे मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली अख्खी गोष्ट, ही अवयवांहून वेगळी, खरीखुरी वस्तू आहे. पण त्यांनाही किंमत मोजावी लागते: कापडातला एक धागा काढला की जुनं कापड नष्ट झालं आणि नवं, खंडित कापड जन्माला आलं असं म्हणणं त्यांना भाग पडतं. त्यांचं खरं मानलं तर अण्णांनी पहिल्यांदा ब्रेकचे लायनर बदलले तेव्हाच गाडी दुसरी झाली.

आमची जैन परंपरा दोन्ही टोकं टाळते. समंतभद्र आचार्यांनी आप्तमीमांसेत एक दाखला दिला आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. घट हवा असलेला माणूस दुःखी झाला. मुकुट हवा असलेला सुखावला. ज्याला नुसतं सोनं हवं होतं त्याला ना हर्ष ना खेद. घटना एक, मनं तीन, आणि तिघांचीही कारणं खरी, कारण वस्तूतच नाश, जन्म आणि टिकाव तिन्ही आहेत. वर्गात हा दाखला मी मोठ्या आनंदानं सांगत असे. पर्वाच्या त्या पाचव्या दिवशी तो आठवला तेव्हा तिन्ही माणसं मला घरातच दिसली. भाचा घटाचा शोक करत होता. मिस्त्रींना मुकुट दिसत होता. आणि सोनं मागणारा, तटस्थ माणूस कोण? माझा भाऊ, गाडी वजनावर घाला म्हणणारा.

इथे मी अडले, आणि हे अडणं मला महत्त्वाचं वाटतं. टिकणारं काय आहे, असं विचारलं तर पाचवा अध्याय पुद्गलाकडे, म्हणजे जड द्रव्याकडे, बोट दाखवतो. परमाणू टिकतात. ते जुळून स्कंध होतात आणि सुटून स्कंध मोडतात, हे त्याच अध्यायात सांगितलं आहे. गाडी हा स्कंध आहे. ती घटाच्या आणि मुकुटाच्या जागी आहे, सोन्याच्या जागी नाही. तेव्हा ध्रौव्याचा आधार घेऊन अण्णांची गाडी वाचवता येत नाही. लोखंडाचं ध्रौव्य भट्टीतही तेवढंच शाबूत राहील. तत्त्वमीमांसेच्या बाजूनं पाहिलं तर माझ्या भावाचं म्हणणं सगळ्यात निर्दोष होतं. गाडी तीच राहील की नाही याची चिंता करणारी आम्ही बाकीची माणसं एका पर्यायाला, म्हणजे बदलत्या अवस्थेला, चिकटून होतो.

सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या आहे: वस्तूंवरची मूर्च्छा. वस्तू किती आहेत यापेक्षा मन त्यांत किती गुंतलं आहे हे तिथे मोजलं आहे. अण्णांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं स्टेअरिंग धरताना मला जे होतं त्याला दुसरं नाव नाही.

भाच्याच्या 'मूळ रूपा'बद्दलही इथेच सांगून टाकते. इंजिन उघडलं तर ते हरिकेन नव्हतंच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अण्णांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं आणि आरसी बुकात तशी नोंद करून घेतली होती. तेव्हा जीपवाल्यांत हे सर्रास चालायचं, कारण शेतकऱ्याला पेट्रोल परवडत नव्हतं. हौद्याचा फाळकाही नंतरचा निघाला, आणि मागच्या पाट्यांत दोन जास्तीची पानं घातलेली निघाली. म्हणजे मला आठवते ती गाडी आणि कारखान्यातून निघालेली गाडी या दोन वेगळ्या होत्या, आणि भाच्याला जी हवी होती ती आमच्या घरात कुणीच पाहिलेली नव्हती. ज्या अवस्थेला आपण मूळ म्हणतो तीही एक अवस्थाच. तिला बाकीच्यांहून वरचं आसन का द्यायचं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

काम चालू असताना, १५ जुलै २०२१ ला, केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची गाडी, चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार न करता मूळ रूपात राखलेली असेल तर तिची वेगळी नोंदणी होते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यासाठीच काढायची. भाच्यानं हे नियम मला आशेनं वाचून दाखवले. मला त्यांत एक खोल समज दिसली. जी वस्तू कामातून मुक्त झाली तिलाच न बदलण्याची मुभा आहे. जिला काम करायचं आहे तिला काळाबरोबर बदलावं लागेल, आणि त्या बदलाची नोंद द्यावी लागेल. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्यासाठीच आहे. इंजिन बदललं की आरसीवर नवा इंजिन नंबर चढतो, चासी नंबर तोच राहतो. गाडी तीच आहे हे राज्य त्या नंबरावरून ठरवतं.

माझा निर्णय मात्र कायद्यानं झाला नाही, त्याआधीच व्रतानं झाला होता. निवृत्तीनंतर मी परिग्रह-परिमाण व्रत घेतलं. श्रावकानं सगळं सोडायचं नसतं. किती ठेवायचं त्याची मर्यादा आखून त्यापुढे जायचं नसतं. शेत, घर, सोनं, धान्य, भांडीकुंडी, प्रत्येकाची सीमा ठरवली, त्यात वाहन एक. तेव्हा माझ्याकडे एक छोटी मोटार होती, आणि अण्णांची एफसी भावाच्या नावावर होती. आता ती माझ्याकडे यायची तर मोटार गेली पाहिजे. आणि मोटार गेली तर एफसीनं बाजार, दवाखाना, शेत, मंदिर, सगळं रोज केलं पाहिजे. शेडमध्ये झाकून ठेवलेली सुंदर एफसी आणि दारात वापरायची मोटार ही जोडी माझ्या व्रतात बसत नव्हती. मी मोटार विकली आणि मिस्त्रींना कामाला सुरुवात करा म्हणून सांगितलं.

भाचा नाराज झाला, पण त्यानं हात काढून घेतला नाही. तारांचे नकाशे त्यानंच काढले. त्याचा खरा विरोध ब्रेकवर आला. त्याचं म्हणणं, आजोबांनी एवढी वर्षं याच ब्रेकवर गाडी चालवली, कधी कुणाला धक्का लागला नाही. मग मूळ ड्रम निदान का ठेवू नयेत? हा मुद्दा मला टाळायचा नव्हता, कारण सातव्या अध्यायाचा गाभा नेमका इथे आहे.

हिंसा म्हणजे काय? तत्त्वार्थसूत्रकार उमास्वामी आचार्यांनी तिच्या व्याख्येत जीव जाण्याच्या आधी प्रमाद ठेवला आहे, म्हणजे बेसावधपणा. कुंदकुंद आचार्य प्रवचनसारात हे आणखी कठोरपणे सांगतात. जपून न वागणाऱ्याला हिंसेचा दोष लागतोच, समोरचा जीव वाचला तरी. आणि जो पूर्ण सावध आहे त्याच्याकडून नकळत काही झालं तर त्याला तो बंध नाही. याचा अर्थ, आजवर अपघात झाला नाही हा पुरावा धर्मापुढे टिकत नाही. प्रश्न एवढाच: आज ही गाडी रस्त्यावर काढताना जे जपायला हवं ते सगळं मी जपलं आहे का?

अण्णा सावध होते. त्यांच्या वेळच्या सांगली–कोल्हापूर रस्त्यावर ते चाळिसाच्या वेगानं जात आणि त्या वेगाला ते ब्रेक पुरत. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हे शाळेतलं गणित आहे. आज त्याच रस्त्यावर मागचा ट्रक ऐंशीनं येतो, मधे दुभाजक आहे, कडेला दुचाकी आहेत, आणि चाळिसानं जाणारी गाडी स्वतःच धोका होऊन बसते. ऐंशीच्या वेगात डोळ्यांनी पाहिल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी बावीस मीटर पुढे गेलेली असते. जुन्या ड्रममध्ये पाणी शिरलं की लायनर घसरतात आणि पहिले काही दाब वाया जातात. नदीकाठच्या आम्हा लोकांना हे सांगायला नको. त्यात ब्रेक ऑइलची वाट एकच. एका चाकाचा रबरी पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणजे ड्रम तेच ठेवले असते तरी ते तेच राहिले नसते. रस्ता बदलला तेव्हाच त्यांच्यातली सावधगिरी बेसावधपणा झाली होती, कुणी एक पाना न लावता. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हे पाचव्या अध्यायात हवं होतं, मावशी." मला वाटतं त्याचं बरोबर आहे. वस्तू तीच आहे का हे तिच्या आत पाहून ठरत नाही. ती कुणामध्ये उभी आहे, हेही पाहावं लागतं.

पुढच्या चाकांना डिस्क बसल्या. मास्टर सिलिंडर दुहेरी, पुढची वाट वेगळी आणि मागची वेगळी, वर व्हॅक्यूम बूस्टर. स्टेअरिंगला एक वीत मोकळा खेळ होता. नवा बॉक्स घातला, किंग पिन आणि बुश बदलले. डायनॅमो जाऊन आल्टरनेटर आला, कारण जुन्या डायनॅमोवर गाडी थांबलेली असताना हेडलाइट मंद होत. इंजिन आजच्या पिकअपचं, डिझेलचंच, परवानगी घेऊन. त्याला पाच गिअर. जुन्या इंजिनाचा काळा धूर मला नकोच होता. हवेतले आणि अग्नीतले जीव मानणारी आम्ही माणसं. गृहस्थाला तेवढी हिंसा पूर्ण टळत नाही, पण कमी करता येते तेवढी करावीच लागते. सीट बेल्टसाठी मिस्त्रींनी केबिनच्या खांबांना आतून जाड पट्ट्या वेल्ड केल्या. गंजक्या पत्र्यात बोल्ट मारून लावलेला बेल्ट धडकेत पत्र्यासकट उपटून येतो, हे त्यांनी मला एका जुन्या गाडीवर दाखवलं. पाठीमागे लाल परावर्तक पट्ट्या. गळीत हंगामात आमच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या पहाटेपासून असतात, त्यांच्या मागे दिवा नसतो. निदान माझ्या मागच्याला मी दिसावं आणि माझ्या दिव्यात पुढचे बैल दिसावेत.

अहिंसाव्रत दृढ करणाऱ्या भावना सातव्या अध्यायात सांगितल्या आहेत, त्यांतली एक ईर्यासमिती, म्हणजे चालताना जपणं. मुनी चार हात पुढची जमीन पाहत, दिवसाच्या उजेडात, पाऊल टाकतात. पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात, कारण चार हातांत त्याला थांबता येतं. गाडी चालवणाऱ्याचे चार हात किती, तर जेवढ्यात ती थांबते तेवढे. ब्रेक, दिवे, काच, वायपर ही मला यंत्राची सुधारणा वाटत नाही. ती गृहस्थाची ईर्यासमिती आहे. आणि एफसीत एक गोष्ट अशी आहे जी आजच्या बहुतेक गाड्यांत नाही: चालवणारा अगदी पुढे, चाकाच्या वर बसतो. बंपरच्या पुढची जमीन जवळजवळ पायाशी दिसते. रस्ता ओलांडणारं मांजर, बसलेलं कुत्रं, सकाळी कडेनं चालणाऱ्या आर्यिका, सगळं. विहारात मुनींना, साध्वींना वाहनानं उडवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या वाचल्यावर ब्रेकच्या खर्चाचा हिशेब मांडायला माझा हात उचलत नाही.

भाच्यानं शेवटचा प्रश्न टाकला तो सगळ्यात अवघड होता. "सावधगिरीच हवी तर नवी पिकअप घे. तिला एअरबॅग आहेत, धडकेचा मार झेलणारी केबिन आहे. एफसीत तुझ्या गुडघ्यांपुढे एक पत्रा आहे." खरं आहे. समोरासमोर धडक झाली तर एफसीत माझा जीव जास्त उघडा आहे. आमच्या धर्मात स्वतःची हिंसाही हिंसाच, तेव्हा माझ्यापुरता धोका मी पत्करते असं म्हणून सुटता येत नाही. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, नवी गाडी माझ्यासाठी घडवायची तर खाणीपासून भट्टीपर्यंत नवा आरंभ, म्हणजे उद्योगातली हिंसा, होतो. ही चासी झालेली आहे, तिच्यासाठी जे जळायचं ते १९६८ साली जळून गेलं. दुसरी, धोका दोन जिवांत वाटायचा असेल तर तो चालवणाऱ्याकडे थोडा जास्त असावा आणि पायी चालणाऱ्याकडे कमी. रस्त्यावर उतरायचं मी ठरवलं आहे, त्यानं नाही. ही उत्तरं पुरी आहेत का? पहिलं मला आज थोडं कमजोर वाटतं, कारण नवं इंजिन मी घेतलंच. दुसऱ्यावर मी ठाम आहे.

श्रावकाला वर्ज्य म्हणून ग्रंथांत जे धंदे सांगितले आहेत त्यांत गाड्या घडवणं आणि गाड्या भाड्यानं चालवणं ही दोन्ही आहेत. बैलांना होणारा त्रास आणि चाकाखाली मरणारे जीव पाहणाऱ्या माणसांनी ते लिहिलं. म्हणून चौक्याच्या सामानाचं भाडं अण्णांनी कधी घेतलं नाही, मीही घेत नाही. दुसऱ्या कुणाला मालासाठी गाडी लागली तर फक्त डिझेल घालून न्यावी.

मिस्त्री मुसलमान आहेत. चातुर्मासात मुनी एकाच ठिकाणी का राहतात असं त्यांनी मला एकदा वर्कशॉपमध्ये विचारलं. पावसात जमिनीवर जीव वाढतात, पायाखाली येतात, म्हणून चार महिने चालणं बंद, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजी ब्रेकच की, अक्का." मी ते वहीत लिहून ठेवलं. एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात मला हे इतकं थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

आता एकाच गोष्टीवर आमचं अडलं आहे. जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांना नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो, तो शाफ्टला धरून ठेवतो. मिस्त्रींनी तो नवीन लायनर घालून तसाच ठेवला आहे आणि तो घट्ट धरतोही. पण शाफ्टचा क्रॉस तुटला की तो ब्रेक राहत नाही, आणि नेमकी तेव्हा गाडी चढावर उभी असेल, मागे फाळका पाडून बायका पितळी घागरी उतरवत असतील, तर काय? वस्तू उचलताना-ठेवताना जपावं ही समितीही त्याच सातव्या अध्यायात आहे. मिस्त्री म्हणतात, मागच्या चाकांना केबलचा हँडब्रेक द्यायचा तर ड्रमच्या मागच्या प्लेटा बदलाव्या लागतील, नवा लीव्हर बसवावा लागेल, आणि केबल पाट्यांच्या कडेनं न्यावी लागेल तर ती खडीनं घासणार. भाचा म्हणतो, शाफ्टवरचा हा ब्रेक गाडीत उरलेल्या मोजक्या मूळ भागांपैकी एक आहे. मी म्हटलं, दोन्ही ठेवू. मिस्त्रींनी मान हलवली आणि हौद्यात किती वजन असतं ते विचारलं. घागरी, जातं, तांदळाची पोती, चार माणसं धरून मी आकडा सांगितला. त्यांनी तो खडूनं चाकाच्या कमानीवर लिहिला आणि गाडी पुन्हा जॅकवर चढवली.